अकरा मिनिटं ऑर्गन बंद

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणायचे. नाव ठेवलं कारखान्यातल्या बायकांनी, आणि चाळीस बायकांनी मिळून ठेवलेलं नाव पुसून काढायची कुणाची छाती होणार? कपड्यांचा तो कारखाना. चाळीस यंत्रं एकदम चालायला लागली की शेजारणीने कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. अशा गदारोळात कानसेन एखाद्या यंत्राजवळून नुसते जायचे, थबकायचे आणि म्हणायचे, "बाई, हे आजारी आहे." मग दोरा काढून यंत्र रिकामं चालवायला लावायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगावर, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. दोन मिनिटांत निकाल. "सुईचा काही दोष नाही. आत एक दातेरी चाक झिजलंय." उघडून बघावं तर चाक खरंच झिजलेलं. कधी चुकले नाहीत असं नाही. तीनदा चुकले, आणि तिन्ही तारखा बायकांना तोंडपाठ होत्या.

त्यांचा दुसरा हट्ट वायरचा. यंत्राचा प्लग काढायचा तर आधी वायर यंत्रापाशी मुठीत धरायची आणि हात सरकवत सरकवत प्लगपर्यंत जायचं. डोळ्यांनी वायर बघायची नाही. वायरी एकमेकींत गुंततात, डोळा फसतो आणि भलत्याच बाईचं यंत्र बंद पडतं. नव्या बाईला पहिल्या दिवशी हे सांगताना त्यांचा चेहरा इतका गंभीर व्हायचा की जुन्या बायका मागे उभ्या राहून त्यांची नक्कल करायच्या. त्या गंभीर चेहऱ्यामागे काय दडलंय हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार?

तर दिवसभर दोष हुडकणारा हा माणूस रविवारी सकाळी काय ऐकायचा? दोषांनी गच्च भरलेली एक कॅसेट. आणि तीही त्यांनी स्वतःच रेकॉर्ड केलेली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांच्या शहरात 'आडवळण' नावाचा चौघांचा बँड होता. गिटार, बास, ड्रम आणि विजेवरचा ऑर्गन. गाणी यांची मोजून सहा, पण एकेक गाणं अर्धा अर्धा तास चालायचं. सुरुवात ठरलेली, पुढचं काहीच ठरलेलं नाही. एकाने वाट सोडली की बाकीचे त्याच्या मागोमाग. कधी भलतीकडेच पोचायचे, कधी सपशेल चुकायचे, आणि चुकले की एकमेकांकडे बघून हसायचे. वाजवलेलं पुन्हा तसंच वाजवणं त्यांना कधी जमलं नाही, म्हणून त्यांची तबकडी कुणी काढली नाही. सहा वर्षं वाजवून बँड मोडला. मागे उरली ती वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी कानसेनांनी भरलेली कॅसेटची एक बाजू. चाळीस मिनिटं, एकच गाणं.

तिच्या प्रती निघाल्या, आणि त्यातून चार जणांचं एक मंडळ जमलं. दर रविवारी सकाळी दहाला फ्रेमवाल्याच्या दुकानात. फ्रेमवाला म्हणजे फोटोंना चौकटी करून देणारा. रविवारी दुकान बंद, म्हणून करवतही बंद. दुसरे प्राध्यापक, तिसऱ्या सिस्टर. या इस्पितळातल्या परिचारिका, आठवड्याभराची झोप बाजूला ठेवून यायच्या. चौथे कानसेन. भुसा झटकून बाकांवर बसायचं, चहा घ्यायचा आणि टेप लावायची.

त्या टेपमध्ये काय नाही! चौथ्या मिनिटाला कुणीतरी खुर्ची अशी ओढतो की दाताला झिणझिण्या याव्यात. फ्रेमवाला त्या खुर्चीची वाट बघायचा आणि ती आली की समाधानाने मान हलवायचा. नवव्या मिनिटाला गिटारवाल्याची तार उतरते. दुसरा असता तर थांबला असता. हा पठ्ठ्या त्या उतरलेल्या तारेवरच बोट ठेवून बसतो, पुन्हा पुन्हा तोच बेसूर सूर छेडतो, आणि थोड्या वेळाने बासवालाच खाली उतरून त्याला जाऊन मिळतो. मग वाटतं, चुकीचे बाकीचेच होते. एक गृहस्थ सारखे खोकतात. सिस्टरांनी त्या खोकल्याचं निदान केलं होतं आणि 'हे आता हयात नसावेत' असं अधूनमधून हळहळून बोलायच्या.

आणि चौदाव्या मिनिटाला, सगळे वाद्यवाले दबक्या आवाजात आलेले असताना, अगदी माइकजवळ एक बाई स्वच्छ विचारते, "अजून किती वेळ आहे हो?"

त्या बाई म्हणजे कानसेनांची बायको. सगळे त्यांना काकू म्हणतात. मंडळात त्यांना केवढा मान! त्या कधी दुकानात डोकावल्या की फ्रेमवाला उठून उभा राहायचा. काकूंना मात्र याचा राग होता. "आयुष्यभर मी इतकं शहाण्यासारखं बोलले," त्या म्हणायच्या, "आणि यांनी जपून ठेवलं काय, तर हे."

पण टेपचा खरा मानाचा भाग पुढे होता. बाविसाव्या मिनिटाला टक् असा आवाज येतो. आणि तिथून पुढे ऑर्गन गेलेला असतो. तोवर तो सगळ्या गाण्याखाली सतरंजीसारखा पसरलेला, आणि आता एकदम फरशी. पुढची अकरा मिनिटं तिघंच वाजवतात. सुरुवातीला चाचपडतात, मग सावरतात, आणि मग असं काही वाजवतात की फ्रेमवाल्याच्या हातातला चहा गार व्हायचा. तेहेतिसाव्या मिनिटाला ऑर्गन परत येतो. शेवटची सात मिनिटं सगळा बँड हळूहळू वेग घेत जातो, सूरही चढत जातात, आणि शेवटी तर गाडी पकडायची असल्यासारखे सगळे सुटतात.

प्राध्यापकांनी त्या अकरा मिनिटांचं नाव 'मौन' ठेवलं होतं. "ऐन रंगात आलेला कलावंत हात उचलतो," ते म्हणायचे, "आणि इतरांना जागा करून देतो. याला छाती लागते." शेवटच्या सात मिनिटांना ते 'मुक्ती' म्हणायचे. या दोन्हींवर त्यांनी अठरा पानांचा लेख लिहिला होता आणि तो ते वाचूनही दाखवायचे. फ्रेमवाला आणि सिस्टर माना डोलवायचे.

कानसेन तिथे नसायचेच. टक् झालं रे झालं की ते उठायचे. कप विसळायचे, नळ दुरुस्त करायचे, पुठ्ठ्याचे तुकडे लावून ठेवायचे, आणि ऑर्गन परत आला की येऊन बसायचे. मंडळाला वाटायचं, हळवा माणूस आहे, सहन होत नाही.

सहन होत नव्हतं हे खरं. त्याचं कारण मात्र वेगळंच.

त्या संध्याकाळी कानसेन नवाकोरा टेपरेकॉर्डर घेऊन मुद्दाम स्टेजच्या कडेला बसले होते, कारण पडद्यामागे प्लगांचा बोर्ड होता. बोर्डात दोनच जागा, दोन्ही भरलेल्या. एक ऑर्गनचा, एक पंख्याचा. म्हणून रेकॉर्डर बॅटरीवर लावला. विसाव्या मिनिटाला त्याचा लाल दिवा मंद व्हायला लागला. असं वाजतंय आणि टेप बंद पडणार? पंख्यावाचून कुणी मरत नाही, असा विचार करून त्यांनी पडद्यामागे हात घातला. वायर हातात धरून शेवटपर्यंत गेले का? नाही गेले. अंधारात नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेतला, रेकॉर्डर थांबवला, एक प्लग उपटला, आपला खुपसला, रेकॉर्डर चालू केला. चार सेकंद. आणि मग रेकॉर्डरच्या हलणाऱ्या काट्याकडे असे डोळे लावून बसले की जग विसरले.

अकरा मिनिटांनी त्यांना मानेवर गार वारा लागला.

पंखा चालू होता. त्यांनी स्टेजकडे पाहिलं तर ऑर्गनवाला हात मांडीवर ठेवून खाली मान घालून बसलेला. कानसेनांचं धाबं दणाणलं. त्यांनी आपला प्लग खस्सकन काढला आणि ऑर्गनचा लावला. पंख्याचा प्लग शेजारीच होता, तो काढता आला असता. पण त्या संध्याकाळी आणखी एखाद्या प्लगला हात लावायची त्यांच्यात हिंमत उरली नव्हती. रेकॉर्डर पुन्हा मरत्या बॅटरीवर आला, टेप आत हळूहळू फिरायला लागली. हळू फिरून भरलेली टेप नेहमीच्या वेगाने लावली की घाई केल्यासारखी ऐकू येते. ही प्राध्यापकांची 'मुक्ती'.

इथवरही हसून सोडता आलं असतं. पण पुढच्या महिन्यात बँडच्या पोस्टरवर तिघांचेच चेहरे आले. ऑर्गनवाल्याने बँड सोडला होता, आणि तो पुन्हा कुठल्याही स्टेजवर कधी दिसला नाही. कानसेनांनी ते पोस्टर भिंतीवर पाहिलं आणि घरी येऊन दोन दिवस नीट जेवले नाहीत. भर सभेत आपण एका माणसाची वाचा काढून घेतली, त्याने हाय खाऊन वाजवणंच सोडलं, हे त्यांच्या मनात जे बसलं ते बसलं. अठ्ठावीस वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, काकूंनासुद्धा नाही. त्या अकरा मिनिटांत त्यांना संगीत ऐकूच यायचं नाही. तो खाली मान घातलेला माणूस तेवढा दिसायचा.

आणि एका रविवारी प्राध्यापक दुकानात आले ते नाचतच. "सापडला," ते म्हणाले. "ऑर्गनवाला सापडला. याच शहरात आहे. दातांच्या कवळ्या बनवतो."

"म्हणजे पांढऱ्या पट्ट्या काही सुटल्या नाहीत," फ्रेमवाला म्हणाला.

"पुढच्या रविवारी येतोय. त्याने ही टेप कधी ऐकलेलीच नाही. मी त्याला समोरासमोर विचारणार, मौनाचा निर्णय कसा घेतलात."

सिस्टर टाळ्या वाजवत होत्या. कानसेन कप विसळायला उठले, आणि टेप तर अजून लागलीही नव्हती.

तो आठवडा काही खरा नव्हता. कारखान्यात त्यांनी दोन यंत्रांचं निदान चुकवलं आणि बायकांच्या यादीत तीनच्या पाच तारखा झाल्या. शनिवारी संध्याकाळी काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. कानसेन एक चादर घेऊन तिचीच घडी पुन्हा पुन्हा मोडत बसले होते.

"काय झालंय ते एकदाचं बोला," काकू म्हणाल्या. "नाहीतर ती चादर तरी सोडा."

त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं. पंखा, प्लग, मानेवरचा वारा, पोस्टर.

काकूंनी हातातला टॉवेल खाली ठेवला. "म्हणजे मी नुसतं किती वेळ विचारलं तर अठ्ठावीस वर्षं माझी चेष्टा, आणि तुम्ही माणसाची वायर उपटली तर ती कला?"

"अगं, मी काय म्हणतोय आणि तू काय..."

"कळतंय मला." त्या जवळ येऊन बसल्या. "उद्या सांगून टाका."

"मंडळ मोडेल. प्राध्यापकांची अठरा पानं आहेत."

"पानांचं सोडा. त्या माणसाचं काय?"

"तो तोंडावर म्हणाला, की माझ्यामुळे गेलं सगळं, तर?"

काकूंनी ती चादर त्यांच्या हातातून काढून घेतली. मग म्हणाल्या, "तर ऐकून घ्यायचं. मी येते बरोबर."

ऑर्गनवाले दहाच्या ठोक्याला आले. ठेंगणे, टक्कल पडलेले, खिशाला दोन पेनं. दाराशीच त्यांनी फ्रेमवाल्याकडे बघून "वरची डावी दाढ दुखते का?" म्हणून विचारलं, आणि ती खरंच दुखत होती. सगळे हसले. कानसेनांना हसू आलं नाही. माणूस चांगला निघाला, हे त्यांना जास्तच जड गेलं. वाईट निघता तर बोलणं सोपं गेलं असतं.

चहा झाला. प्राध्यापक उभे राहिले, हातात अठरा पानं. "टेप लावण्याआधी एकच प्रश्न," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी, बाविसाव्या मिनिटाला, तुम्ही हात उचललेत. अकरा मिनिटं एकही सूर नाही. हा निर्णय त्या क्षणी झाला, की आधीपासून मनात होता?"

ऑर्गनवाल्यांनी कप खाली ठेवला. "निर्णय?" ते म्हणाले. "कसला निर्णय? अहो, माझा तर..."

"प्लग मी काढला," कानसेन म्हणाले.

ते कधी उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. सगळे बघत होते. "टेपरेकॉर्डरसाठी. पंख्याचा समजून तुमचा काढला. अंधार होता, पण ती सबब नाही, वायर हाताने बघायला हवी होती. तुम्ही वाजवणं सोडलंत ते माझ्यामुळे. इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. माफ करा."

प्राध्यापकांनी अठरा पानांकडे पाहिलं आणि ती हळूच बाकाखाली सारली. "आणि मुक्ती?" त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"बॅटरी संपत होती," कानसेन म्हणाले.

पहिलं हसू फुटलं ते सिस्टरांना. त्यांनी तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलायचे थांबेनात. फ्रेमवाल्याने भिंतीकडे तोंड केलं. ऑर्गनवाले मात्र हसत नव्हते. ते कानसेनांकडे टक लावून बघत होते.

"पडद्यामागचा बोर्ड," ते म्हणाले. "मी तिथल्या वायरमनला अठ्ठावीस वर्षं शिव्या घालतोय. तो बिचारा निर्दोष निघाला म्हणायचा."

"हो."

"आणि बँड मी त्या दिवसामुळेच सोडला. खरं आहे ते."

कानसेनांनी मान खाली घातली. ज्याची भीती होती ते ऐकून झालं होतं. काकूंनी त्यांच्या सदऱ्याची कड धरली होती.

"खाली बसा ना," ऑर्गनवाले म्हणाले. "उभ्याने काय ऐकता? पहिली दोन मिनिटं मी घामाघूम झालो. पट्ट्या दाबतोय, आवाज नाही. खाली वाकलो, पाय आपटले, ड्रमवाल्याला खुणा केल्या, पण तो कुणाकडे बघतोय! मग म्हटलं, मरू दे. हात मांडीवर ठेवले आणि खाली मान घालून ऐकत बसलो. अहो, पाच वर्षं मी त्या बँडमध्ये होतो आणि बँड कधी ऐकलाच नव्हता. वाजवताना काय, तर पुढे आपण काय करायचं एवढीच चिंता. माझा तो ऑर्गन सगळ्यांच्या अंगावर ओल्या गोधडीसारखा पडलेला असायचा. तो उचलला गेला आणि खालून ही माणसं निघाली. रडू आलं मला. दुसऱ्या दिवशी तिघांना सांगितलं, माझ्यावाचून तुम्ही जास्त चांगले आहात, मी आता समोर बसणार. ते बरेच भांडले. पण मोडेपर्यंत त्यांचा एकही कार्यक्रम मी चुकवला नाही, पहिल्या रांगेत असायचो. त्या दिवसासारखं मात्र पुन्हा कधी जमलं नाही त्यांना." त्यांनी टेपकडे बोट केलं. "तुम्ही ते टेप केलंत हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. आता लावा की. किती बोलायला लावता."

फ्रेमवाल्याने बटण दाबलं. खुर्ची ओढली गेली. तार उतरली. खोकणाऱ्यांनी खोकून घेतलं. चौदाव्या मिनिटाला काकूंनी स्वतःचा आवाज ऐकून तोंड वेंगाडलं आणि ऑर्गनवाल्यांनी त्यांना बसल्या बसल्या नमस्कार केला. मग टक् झालं.

कानसेन सवयीने उठले. ऑर्गनवाल्यांनी न बघताच त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

मग त्यांना जाता आलं नाही. आधी नुसता ड्रम होता, एकटा, दार ठोठावून कुणी उघडेना अशासारखा. मग बास आला. चार सुरांचंच काहीतरी, पण चौथा सूर दर वेळी जरा उशिरा. हा उशीर कानसेनांनी कधी ऐकला नव्हता. ते पुढे वाकले. डोळे मिटले. गिटारवाला त्या उशिरात घुसला, बाहेर पडला, पुन्हा घुसला, मग तो उशीर दोघांनी मिळून लांबवायला घेतला, आता तुटतो की मग तुटतो, आणि ड्रमवाला मागून हसत असल्याचं चक्क ऐकू येत होतं. कानसेनांचा हात आपोआप कानामागच्या हाडावर गेला. हातात स्क्रूड्रायव्हर नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मनापासून खूश होते. कुठेतरी एखादा दात झिजलेला असेलही, त्यांनी शोधला नाही.

तिघं वर चढत गेले. आता काहीतरी होणार, अगदी होणार, असं वाटत असतानाच भसकन ऑर्गन आला आणि सगळ्यावर पसरून बसला.

"छे," ऑर्गनवाले आपलंच वाजवणं ऐकून म्हणाले. "आला बघा शिंचा." ते कानसेनांकडे वळले. "ऐन रंगात कशाला लावलात परत प्लग? पाच मिनिटं थांबायचं होतं की."

कानसेनांनी बाहीने डोळे पुसले. "मला तरी काय माहीत," ते म्हणाले. "मी आज पहिल्यांदा ऐकतोय."